वाक्वाच्या काकांस, पत्रकार दिनी

वाक्वा, मॉरिशस
६ जानेवारी २०२५

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र मराठीतच लिहिते आहे. तुम्हाला वाचायला वेळ लागेल, पण संध्याकाळच्या वर्गात तुम्ही गिरवलेली बाराखडी अजून शाबूत आहे, हे गणपतीत आरतीचं पुस्तक समोर धरून म्हणणाऱ्या तुम्हाला पाहून मला कळलंय. पत्र उघडं ठेवते आहे, कारण माझ्या रत्नागिरीकडच्या माणसांनाही ते वाचायचं आहे. नाव घालू नकोस म्हणालात, म्हणून घालत नाही. गल्लीत सगळे तुम्हाला 'तोंतों' म्हणतात, मी काका म्हणते.

ऑक्टोबरअखेरचे ते दिवस आठवतात ना? निवडणूक पंधरा दिवसांवर आलेली आणि 'मिस्ये मूस्ताश' नावाच्या कुणा अनोळखी माणसाने फोनवरच्या संभाषणांची ध्वनिमुद्रणं एकामागून एक बाहेर सोडलेली. राजकारणी, वकील, पत्रकार, सगळ्यांचे आवाज. सरकार म्हणत होतं, हे यंत्राने बनवलेले नकली आवाज आहेत. मी त्यातलं एक ऐकलं आणि फेसबुकवर पुढे पाठवलं. खाली दोनच ओळी लिहिल्या: आपलं बोलणं कोण ऐकतंय, हे विचारायचा हक्क सगळ्यांना आहे.

दुसऱ्या दिवशी कचेरीतल्या एका साहेबांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. "तुम्ही वर्क परमिटवर आहात, हे विसरू नका," एवढंच बोलले. मी ती पोस्ट काढून टाकली. दोन रात्री झोप लागली नाही. २०२०च्या टाळेबंदीत पंतप्रधानांवरची एक विनोदी पोस्ट पुढे पाठवली म्हणून इथल्या एका बाईंना अटक झाली होती, हे मी ऐकून होते. त्या तर इथल्याच नागरिक. माझं काय?

१ नोव्हेंबरला आमच्याकडे घरी लक्ष्मीपूजन होतं. त्याच दिवशी दूरसंचार प्राधिकरणाचा आदेश अमलात आला: ११ नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे मतदान होऊन जाईपर्यंत, सर्व समाजमाध्यमं बंद. फोनवर फेसबुक उघडेना. माझ्या मनाने घेतलं की आता हे एकेकाच्या दारात येणार. फराळाचं ताट हातात घेऊन मी तुमचं दार वाजवलं, ते फराळ द्यायला नव्हे. तुम्हाला ते माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं. "पा बिझें पेर," म्हणालात. घाबरायचं कारण नाही. मग चहा ठेवलात, व्हॅनिला घातलेला, मला न आवडणारा, आणि मी तो सगळा प्यायले.

आभार मानायचे ते त्या दोन दिवसांचे.

तुम्ही मला धीराचं भाषण दिलं नाही. चष्मा लावलात, माहिती व दूरसंचार कायद्याचा कागद काढलात आणि मुद्रितशोधकाच्या सवयीने एकेका शब्दाखाली बोट ठेवून वाचून दाखवलंत. ऑनलाइन संदेशाने कुणाला काय झालं तर गुन्हा ठरतो, २०१८च्या दुरुस्तीनंतर त्या कलमात काय काय मावतं: त्रास, गैरसोय, मनस्ताप, चिंता. शिक्षा दहा वर्षांपर्यंत. "चाळीस वर्षं मी दुसऱ्यांचे शब्द तपासले," तुम्ही म्हणालात, "इतका सैल शब्द कुणी बातमीत लिहिला असता तर मी परत पाठवला असता." आणि तिथल्या तिथे तुमच्या ओळखीच्या वकीलबाईंना फोन लावलात. सणाच्या दिवशी त्यांनी माझं अर्धा तास ऐकून घेतलं. बोलावणं आलं तर वकिलाशिवाय जबाब द्यायचा नाही, न वाचता कशावर सही करायची नाही, राज्यघटनेचं १२ वं कलम अभिव्यक्तीचं आहे, ते लक्षात ठेवायचं. त्यांनी पैसे घेतले नाहीत. बोलावणं कधी आलंच नाही. पण त्या रात्री मी झोपले.

दुसऱ्या दिवशी २ नोव्हेंबर, आमचा पाडवा आणि तुमच्या देशाचा सुट्टीचा दिवस. १८३४ साली 'अॅटलस' जहाजातून ३६ गिरमिटिये, म्हणजे भारतातून करारावर आणलेले मजूर, पोर्ट लुईला उतरले, त्याची आठवण. तुम्ही मला तिथल्या आप्रवासी घाटावर नेलंत, जिथे गिरमिटियांना उतरवून घेत. त्या सोळा दगडी पायऱ्या मी आधी पर्यटकासारख्या पाहिल्या होत्या. तुम्ही पायऱ्यांकडे न बघता गिरमिटियांच्या पासाबद्दल बोलत राहिलात. करार संपला तरी माणसाने पास जवळ बाळगायचा, नंतर त्यावर फोटोही आला, आणि तो नसेल तर रस्त्यावरून उचलून नेत. एक दिवस कामावर गेलं नाही तर दोन दिवसांची मजुरी कापायची, त्याला 'डबल कट' म्हणत. तुमचे पणजोबा मुंबईहून आलेले. त्यांचा क्रमांक तुम्हाला तोंडपाठ आहे. गावाचं नाव मात्र मोकाच्या महात्मा गांधी संस्थेतल्या नोंदीत असं काही लिहिलंय की तुम्हाला ते आजवर लागलेलं नाही.

तिथे बसून तुम्ही जे सांगितलंत ते मी घरी येऊन वहीत उतरवलं. ह्या बेटावर सेन्सॉरशिवायचं वृत्तपत्र पहिल्यांदा १८३२मध्ये निघालं, 'ल सेर्नेआँ'. काढलं ते मळेवाल्यांच्या पुढाऱ्याने, आद्रियें देपिने याने, ज्याला गुलामांच्या मुक्तीचा फार राग होता. म्हणजे स्वातंत्र्य आलं, पण मालकांच्या छापखान्यापुरतं. दोन वर्षांनी ज्यांना जहाजातून उतरवलं त्यांच्या तोंडचं एक वाक्य त्यात यायचं नाही. १८७१ साली प्लेविट्झ या जर्मन वंशाच्या माणसाने जुन्या गिरमिटियांचा अर्ज लिहून दिला, त्यावर ९,४०१ सह्या आणि अंगठे. त्या अर्जापायी त्याने मार खाल्ला, पण पुढच्याच वर्षी चौकशीसाठी रॉयल कमिशन आलं. आणि मग १९०९मध्ये मणिलाल डॉक्टर या बॅरिस्टरांचं 'हिंदुस्तानी' वृत्तपत्र.

काका, १८३२ हा आकडा ऐकून मी का दचकले ते तेव्हा सांगायचं राहिलं. त्याच वर्षी ६ जानेवारीला मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढलं. मराठीतलं पहिलं वृत्तपत्र. बाळशास्त्री पोंभुर्ल्याचे, आमच्या कोकणातले. म्हणून महाराष्ट्रात आज पत्रकार दिन असतो, आणि म्हणून हे पत्र आजच्या तारखेला. तुमचे पणजोबा ज्या किनाऱ्यावरून निघाले, त्याच किनाऱ्यावरचा एक तरुण त्याच काळात मुंबईत वृत्तपत्र छापत होता. दोघांची कधी गाठ पडली नसणार. मला मात्र त्या दिवशी पायऱ्यांवर दोघे एकदमच आठवले.

आपण घाटावरून परतेपर्यंत बंदी उठल्याची बातमी आली होती. एका दिवसात. लोक, वृत्तपत्रं, विरोधी पक्ष, सगळेच इतके संतापले होते. मी टाळ्या वाजवणार होते, तुम्ही नुसती मान हलवलीत. २०२१मध्ये याच प्राधिकरणाने सगळी समाजमाध्यमं सरकारी सर्व्हरमधून वळवून, उकलून, साठवून ठेवायचा प्रस्ताव मांडला होता, तोही आरडाओरड झाल्यावर मागे पडला. "मागे पडतो," म्हणालात, "फाडून टाकलेला नसतो."

मग घरी आल्यावर पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढलीत. १९७१च्या डिसेंबरात आणीबाणी लागली तेव्हा तुम्ही एकोणीस वर्षांचे, छापखान्यात नुकते लागलेले. छापायच्या आधी मजकूर सरकारी डोळ्यांखालून जायचा. निवडणूक १९७६पर्यंत झालीच नाही. १९८४ची कात्रणं वेगळ्या पुडक्यात: वृत्तपत्र चालवायचं तर पाच लाख रुपयांची हमी द्या असा कायदा आला, पत्रकार संसदेसमोर उभे राहिले आणि ४४ जणांना अटक झाली. तुम्ही समोरच्या फुटपाथवर होतात. त्या ४४ जणांत तुम्ही नव्हता, हे तुम्ही तीनदा सांगितलंत. चौथ्यांदा सांगू नका काका. त्या रात्रीही अंक निघाला ना? त्यातली अटकेची बातमी कुणीतरी तपासली, नावांची स्पेलिंगं नीट लावली, आकडा ४३ नाही ४४ आहे याची खात्री केली. ते तुम्ही.

माझ्या पोस्टबद्दल तुम्ही एकदाच बोललात. "काढलीस त्यात काही चुकलं नाही. पण काय काढलंस ते लिहून ठेव, तारीख घालून." त्याच संध्याकाळी मी तारीख घालून त्या दोन्ही ओळी वहीत लिहिल्या. कचेरीत त्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

१० तारखेला मतदान झालं, सत्ताधाऱ्यांचा एकही उमेदवार थेट निवडून आला नाही. ६२ पैकी ६० जागा विरोधकांना. रात्रभर भोंगे वाजत होते. तुम्ही टीव्हीसमोर बसून म्हणालात, आता ह्यांच्यावर लक्ष ठेवायचं. ते कलम आज, मी हे लिहितेय तेव्हा, अजून पुस्तकात आहे. देशात मोफत दिसणारी दूरचित्रवाणी अजून एकाच सरकारी महामंडळाची आहे, ज्यावरचे मराठी कार्यक्रम तुम्ही न चुकता बघता. म्हणून मलाही बोलताना जपूनच आनंद होतो.

पण भीती गेली, आणि ती तुम्ही घालवलीत. परक्या देशात एकट्या राहणाऱ्या बाईला घरात बसवून, चहा देऊन, कायद्याचं कलम वाचून, वकील गाठून दिलात. तुमचे आणि वकीलबाईंचे उपकार मी विसरणार नाही. आईने तुम्हाला नमस्कार सांगितलाय. ती म्हणते, काकांना विचार, पणजोबांच्या गावाचं नाव कागदावर कसं लिहिलंय ते अक्षर न् अक्षर पाठव, आम्ही इकडे तलाठ्याकडे नि देवळातल्या गुरवाकडे विचारून बघतो.

१९८४चं पुडकं स्कॅन करून झालंय. एक कात्रण घडीवर फाटलं होतं, ते मागून पातळ कागद लावून ठेवलंय. शनिवारी परत आणते आणि १९७१चं घेऊन जाते. आमसुलंही आणते, तुमची संपली असतील.

तुमची,
वरच्या मजल्यावरची