मैदानावर यांनाही घ्या

महोदय,
खेळाच्या तासाला सगळी पोरं खो-खो खेळतात आणि बौद्धिक दिव्यांग लेकरू दप्तरं राखत बसतं, हे आमच्या परभणीकडे सर्रास दिसतं. ‘पडेल, लागेल’ ही काळजी खरी. पण बसून बसून वजन वाढतं, स्नायू आणि तोल कच्चे राहतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये दिव्यांग मुलांनाही रोज सरासरी 60 मिनिटं दमवणारी हालचाल सुचवली आहे. माझी बौद्धिक दिव्यांग भाची चेंडू झेलायला शिकली, तशी रांगेत आपली पाळी येईपर्यंत थांबायलाही लागली! डाऊन सिंड्रोम (जास्तीच्या गुणसूत्रामुळे जन्मतः असणारी स्थिती) असल्यास मानेचे सांधे सैल असू शकतात, म्हणून कोलांटउड्यांआधी मानेबाबत डॉक्टरांना विचारावंच. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने खेळातील सहभागाची जबाबदारी शासनावर टाकली आहे. क्रीडाशिक्षकांना तसं प्रशिक्षण द्यावं आणि उन्हाळ्यात तास सकाळीच ठेवावा.

– एक मावशी, परभणी