रेफरच्या चिठ्ठीचे पैसे द्यायचे नसतात, हे सांगणाऱ्या काकूंना

आदरणीय काकू,

सा. न. वि. वि.

हे पत्र रामबागेत आपल्या घरी येऊन आपल्या हाती देता आले असते. परंतु माझ्या यजमानांच्या कंबरदुखीच्या काळात आपण आम्हांला जे समजावून सांगितलेत, ते इंदूरच्या सांवेर रोडवर काम करणाऱ्या प्रत्येक कामगाराच्या घरी पोहोचावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. म्हणून हे आभार सर्वांसमोर मानत आहे.

ह्यांचे दुखणे कंबरेतून डाव्या पायात उतरू लागले, तेव्हा आम्ही प्रथम एका खाजगी दवाखान्यात गेलो. तेथे मोठ्या डॉक्टरांकडे पाठवण्याच्या चिठ्ठीसाठी तपासणी फीखेरीज वेगळी रक्कम मागण्यात आली आणि ठराविक केंद्रातूनच लगेच एमआरआय करून आणण्यास सांगण्यात आले. ह्यांच्या पगारातून दरमहा ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेची, कपात होत होती, परंतु त्या कपातीच्या बदल्यात नेमके काय मिळते, हे कारखान्यात कोणी कधी नीट सांगितले नव्हते.

आपण ईएसआयच्या दवाखान्यात इतकी वर्षे परिचारिका म्हणून सेवा केलेली, त्यामुळे आमचे बोलणे ऐकताच आपण दोन गोष्टी वेगळ्या केल्यात. डॉक्टरांनी रुग्ण तपासला, तर त्या तपासणीची फी घेणे हा त्यांचा रास्त हक्क आहे, मात्र ती आधी सांगितलेली असावी. तज्ज्ञ डॉक्टरांची फीही तशीच. परंतु रुग्ण दुसऱ्याकडे पाठवण्याच्या बदल्यात कमिशन घेणे वा देणे हे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनुसार निषिद्ध आहे, आणि चिठ्ठी देणे हा तर तपासणीचाच भाग आहे. हे सांगताना आपण कोणत्याही डॉक्टरांविषयी वाईट शब्द काढला नाहीत, याचा माझ्या मनावर फार परिणाम झाला. प्रामाणिक फीबद्दल आमची कधीच तक्रार नव्हती. आपण आमच्या मनातला गोंधळ दूर केलात.

त्यानंतर ह्यांचे ईएसआयचे ई-पहचान कार्ड हातात घेऊन आपण सारी व्यवस्था उलगडून सांगितलीत. ज्यांचा मासिक पगार २१,००० रुपयांपर्यंत आहे, अशा कामगारांना कर्मचारी राज्य विमा योजनेखाली हे संरक्षण मिळते, पगाराच्या ०.७५ टक्के कामगाराकडून आणि ३.२५ टक्के मालकाकडून जमा होतात. या वर्गणीत दवाखान्यातली तपासणी, औषधे आणि तज्ज्ञांचा सल्ला हे सर्व येते. प्रथम नेमून दिलेल्या दवाखान्यात जायचे, तेथील वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून नंदा नगरच्या ईएसआय रुग्णालयासाठी चिठ्ठी घ्यायची, आणि तेथे एखादी तपासणी वा उपचार होत नसेल, तर रुग्णालयच ईएसआयशी करार असलेल्या अन्य रुग्णालयाकडे पाठवते, ज्याचे बिल रुग्णाला भरावे लागत नाही. मात्र तातडीची वेळ नसताना चिठ्ठीशिवाय थेट खाजगी तज्ज्ञांकडे गेल्यास तो खर्च परत मिळण्याची आशा धरू नये, हे आपण पुन्हा पुन्हा बजावलेत. माझ्या मते ही एवढी माहिती दवाखान्याच्या भिंतीपेक्षा कारखान्याच्या फाटकावर लावलेली असायला हवी, कारण दुखणे सुरू झाल्यावर माणूस आधी जवळच्या पाटीकडे धावतो आणि नियम त्याला नंतर कळतात.

एमआरआयबद्दल आपण दिलेला सल्लाही तितकाच मोलाचा ठरला. लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, जांघेच्या आतल्या भागात बधिरपणा येणे, पायातली शक्ती कमी होत जाणे, ताप, विनाकारण वजन घटणे, पूर्वी झालेला कर्करोग किंवा मोठा मार, यांपैकी काही आहे का, हे आपण ह्यांना शांतपणे विचारलेत, आणि यातले एकही लक्षण दिसले तर चिठ्ठीची वाट न पाहता थेट मोठ्या रुग्णालयात जा, असे सांगितलेत. तसे काही नसेल, तर बहुतेक कंबरदुखी काही आठवड्यांत बरीच कमी होते आणि सुरुवातीलाच फोटो काढून उपचार सहसा बदलत नाही. शिवाय ज्यांची कंबर कधी दुखलेलीच नाही, अशा कितीतरी लोकांच्या एमआरआयमध्येही मणक्यांमधली चकती सरकलेली दिसते. नंदा नगरच्या अस्थिरोग तज्ज्ञांनी ह्यांना झोपवून, पाय सरळ वर उचलून, पायाची शक्ती आणि संवेदना पाहून हेच सांगितले. त्यांनी व्यायाम शिकण्यासाठी फिजिओथेरपीकडे पाठवले आणि अंथरुणाला खिळून न राहता चालत-फिरत राहण्यास सांगितले. या साऱ्यासाठी आम्हांला काहीही द्यावे लागले नाही.

आमच्या शेजारच्या वहिनींकडे आयुष्मान कार्ड आहे आणि त्यांना वाटत होते की कंबर दाखवायलाही ते चालेल. ती योजना रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी, कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत आहे, नुसत्या ओपीडीतल्या सल्ल्यासाठी नाही, हे आपण त्यांना समजावलेत आणि एम. वाय. या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत जाण्याचा मार्ग दाखवलात. त्यांच्यासारख्या, ईएसआयच्या कक्षेबाहेरच्या लोकांना हा फरक कळणे किती आवश्यक आहे, हे त्या दिवशी मला जाणवले.

काकू, माझ्या मनातली सर्वांत मोठी भीती पगाराची होती, आणि ती मी न बोलताच आपण ओळखलीत. वर्गणी भरल्याचे ठरलेले दिवस पूर्ण असतील, तर वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या प्रमाणपत्रावर आजारपणाच्या रजेत सरासरी दैनिक वेतनाच्या ७० टक्के, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवसांपर्यंत मिळतात, हे आपण सांगितलेत आणि प्रमाणपत्र वेळेवर घेण्याची आठवणही करून दिलीत. त्यामुळे ह्यांना पूर्ण बरे होण्याआधीच यंत्रावर उभे राहावे लागले नाही. ह्यांच्यावर अवलंबून असलेल्या सासूबाईंचे नावही कार्डावर नोंदवता येते, हे आपण सुचवल्याप्रमाणे ह्यांनी कारखान्यात अर्ज दिला आहे. त्यांच्या गुडघ्यांसाठी आता आम्ही सरळ दवाखान्यातच जाणार आहोत.

आपली कृतज्ञ,
सांवेर रोडवरील एका कामगाराची पत्नी