विमानातल्या त्या ताईंना

प्रिय ताई,

गोव्यातल्या मोपा विमानतळावरून दिल्लीला निघालेल्या, तुम्ही केबिन क्रू असलेल्या विमानात खिडकीजवळ बसलेला, काजूची अ‍ॅलर्जी असलेला मुलगा आठवतो का? मी त्याची आई. तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे जाहीर पत्र.

काजूची अ‍ॅलर्जी, आणि राहायला पेडणे! उन्हाळाभर बोंडूंचा, म्हणजे काजूच्या फळांचा, वास, आणि गोव्यातून उडणाऱ्या विमानात ज्याच्या त्याच्या पिशवीत काजूचा पुडा. मागे एका कंपनीच्या काउंटरवर हे सांगितलं, तर तिथल्या साहेबांनी ‘जबाबदारी आमची नाही’ असा कागद सहीला पुढे सरकवला. वर म्हणाले, “एवढं आहे तर ट्रेनने जायचं ना.” पूर्ण विमान काजूमुक्त ठेवायची हमी कंपन्या देत नाहीत, हे मलाही कळतं. मी हमी मागतच नव्हते, जरा ऐकून घ्या एवढंच म्हणत होते. अर्थात परक्यांना काय बोलायचं? लग्नाच्या पंगतीत “वरचे काजू काढून टाक, काय होतंय?” म्हणणारे आमचेच नातेवाईक!

तुम्ही मात्र आधी माझ्या पर्समध्ये अ‍ॅलर्जी भडकली तर टोचायच्या अ‍ॅड्रेनलिनची कुपी आणि सिरिंज कुठल्या कप्प्यात आहे ते विचारून घेतलंत. मी ट्रे, बेल्टचं बक्कल पुसत होते, तर खिडकीची कड तुम्ही पुसलीत. कडेच्या सीटवरच्या काकांनी पुडा फोडायला घेतला होता. त्यांच्याशी तुम्ही इतकं हळू बोललात की माझ्या मुलाकडे कुणी वळून बघितलं नाही. काकांनीही मुकाट्याने पुडा बॅगेत टाकला. भली माणसं असतात हो, सांगणारं कुणीतरी नीट सांगायला हवं.

पण माझ्या मनात राहिलंय ते वेगळंच. मुलाने पाणी मागितलं. तुम्ही ग्लास घ्यायला हात पुढे केलात आणि मध्येच थांबलात. “एक मिनिट हं, आताच पुढे काजूचा डबा दिलाय. हात धुऊन येते.” मी सॅनिटायझरची बाटली पुढे केली, तर म्हणालात, “त्याने नाही जात, साबणच लागतो.” ताई, हे मी घरच्यांना घसा कोरडा पडेपर्यंत सांगत आलेय! परक्या बाईच्या तोंडून ऐकलं आणि डोळे भरून आले. तुम्ही ओले हात पुसत परत आलात, ग्लास भरलात, पुढच्या रांगेकडे गेलात. तुमच्या दृष्टीने त्यात विशेष काही नसेलच.

तुमच्या कंपनीलाही लिहिलंय. पेडण्याला आलात तर घरी या. काजू सोडून मागाल ते करून घालीन.

तुमची,
पेडण्याची एक आई