कुलूप कोणाचे आणि अर्ज कोणाचा?

मा. संपादक, स. न. वि. वि.

सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्याशेजारी कुलपाचे चिन्ह असते आणि लॉगिनही लागते, म्हणजे अर्ज अर्जदारानेच पाठवला असे समजावे, हा अधिकाऱ्यांचा खुलासा आपण कालच्या अंकात एकही प्रतिप्रश्न न करता छापलात. पत्रलेखकांकडून पूर्ण नाव व पत्ता मागणाऱ्या वृत्तपत्राला शंका येऊ नये, याचे नवल वाटते. आपण त्याच पत्त्यावरील संकेतस्थळाशी जोडलेले आहोत आणि वाटेत माहिती कोणी वाचत वा बदलत नाही, यापलीकडे ते कुलूप कशाचीही हमी देत नाही.

माझ्या चुलत्यांचा ठिबक सिंचनाच्या अनुदानाचा अर्ज गेल्या वर्षी परस्पर रद्द झाला. संबंधित कार्यालयातील कर्मचाऱ्याने संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवून ‘रद्द करणारा : अर्जदार स्वतः’ ही ओळ दाखवली आणि ओटीपीशिवाय अर्ज रद्द होतच नाही, असे वर सुनावले. तो ओटीपी गेला होता अर्ज भरून देणाऱ्या केंद्रचालकाच्या मोबाइलवर, कारण नोंदणी करताना त्याने स्वतःचाच क्रमांक घातला होता. गावातील कित्येकांचे लॉगिन आणि पासवर्ड त्याच्या दोनशेपानी वहीत ओळीने लिहिलेले आम्ही पाहिले. अर्ज कोणत्या वेळी व कोणत्या आयपी पत्त्यावरून (म्हणजे कोणत्या इंटरनेट जोडणीवरून) रद्द झाला, असे विचारल्यावर ‘ती माहिती वरून येते’ असे उत्तर मिळाले. ती अद्याप वरच आहे.

ई-निविदा भरणाऱ्या ठेकेदाराकडून हेच शासन डिजिटल स्वाक्षरी घेते. तिची खासगी किल्ली, म्हणजे स्वाक्षरी करायला लागणारा गुप्त संकेत, त्याच्या टोकनमध्ये (पेनड्राइव्हसारख्या छोट्या उपकरणात) असते आणि मजकुरातील एक अक्षर बदलले तरी स्वाक्षरी जुळत नाही, त्यामुळे ‘मी पाठवलेच नाही’ म्हणणे त्याला जड जाते. (ते टोकन पिनच्या चिठ्ठीसह सीएच्या खणात पडलेले असते, हा भाग निराळा.) ओटीपीवरून फार तर तो कोणत्या मोबाइल क्रमांकावर गेला होता एवढेच कळते. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 सी अन्वये तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परंतु तक्रार करू गेल्यास पडद्यावरची तीच ओळ आडवी येते.

शेतकऱ्यांनी टोकन विकत घ्यावे, असे माझे म्हणणे नाही. प्रत्येक बदलाची वेळ, आयपी पत्ता आणि ओटीपी गेलेला क्रमांक पोचपावतीवर छापावा व वाद उद्भवल्यास संपूर्ण नोंद कार्यालयाने स्वतःहून पुढे ठेवावी. आणि ती पोचपावती निदान वाचता येईल अशी द्यावी. सध्या तिच्यात चुलत्यांच्या नावातील जोडाक्षरांच्या जागी चौकोन उमटतात.

आपला,
एक वाचक
(नाव व पत्ता सोबत दिला आहे, प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)