हिल्सनरला मिळाली ती केवळ माफी

लेओपोल्ड हिल्सनरला १९१८ च्या माफीने अखेर न्याय मिळाला, हे आपल्या रविवार पुरवणीतील लेखाचे म्हणणे पटले नाही. १८९९ मध्ये बोहेमियातील (आजच्या चेक प्रजासत्ताकातील) पोल्ना गावी अनेश्का ह्रूझोवा या तरुणीचा खून झाला. मृतदेहाजवळ रक्त कमी आढळल्याने ज्यूंनी विधीसाठी बळी घेतल्याची आवई उठली आणि त्या गदारोळातच हिल्सनर या ज्यू तरुणाला दोषी ठरवण्यात आले. प्रा. मासारिक (पुढे चेकोस्लोव्हाकियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष) यांनी त्याविरुद्ध लेखणी उचलली, तर विद्यार्थ्यांनी त्यांचीच व्याख्याने उधळली! पिसेक येथील फेरखटल्यातही फाशीचीच शिक्षा झाली, तिची पुढे जन्मठेप झाली. ऑस्ट्रियाचे सम्राट कार्ल यांनी शिक्षा माफ केली, निकाल मात्र कधीच रद्द झाला नाही. १९२८ मध्ये व्हिएन्नात हिल्सनर वारला, तेव्हाही तो कागदोपत्री खुनीच होता.

– एक वाचक, पुणे