खड्ड्यात फुटलेला टायर आणि विम्याच्या अटी

महोदय,

खड्ड्यात आदळून मोटारीचा टायर फुटला, की सर्वसमावेशक विमा उतरवलेला मालक भरपाईच्या आशेने विमा कंपनीकडे जातो; तिथे त्याला प्रथमच कळते, की प्रमाणित अटींनुसार त्याच वेळी वाहनाचेही नुकसान झाले असेल, तरच टायरची भरपाई मिळते आणि तीही निम्मीच. बंपरसारख्या प्लॅस्टिकच्या भागांवरही ५० टक्के घसारा (वापरामुळे घटलेली किंमत) कापला जातो. शिवाय पाच वर्षे दावा न करता ५० टक्क्यांपर्यंत वाढलेली ‘नो क्लेम बोनस’ची सवलत एका दाव्याने जाते. साहजिकच अनेक जण दुरुस्तीचा खर्च स्वतःच सोसतात, आणि हप्ता मात्र दरवर्षी भरतात. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्य विमा जीएसटीमुक्त झाला, हे स्वागतार्हच आहे. पण खासगी मोटारीच्या विम्यावर, त्यातील कायद्याने सक्तीच्या तृतीय पक्ष (अपघातात इतरांच्या नुकसानीची भरपाई देणाऱ्या) विम्यावरही, १८ टक्के कर कायम आहे. हा अन्याय आहे. किमान सक्तीच्या भागावरचा कर तरी सरकारने काढावा, आणि दावा नोंदवण्यापूर्वी हाती किती पडेल व बोनस किती बुडेल, याचा लेखी हिशेब ग्राहकाला मराठीत देणे विमा नियामकाने कंपन्यांना बंधनकारक करावे.

– एक वाहनमालक, सातारा