फ्रीजरमधला बर्फ आणि दाराचे रबर

महोदय,

फ्रीजरमध्ये बर्फाचे थर साचू लागले की बरेचजण थर्मोस्टॅट फिरवत बसतात. दोष पुष्कळदा दाराच्या रबरात, म्हणजे गॅस्केटमध्ये असतो. फटीतून दमट हवा आत शिरते, तिच्यातले बाष्प गोठते आणि कॉम्प्रेसर थांबायचे नाव घेत नाही. बर्फ दाराच्या कडेलाच जास्त दिसला, तर गळती तिथेच शोधावी.

तपासायला कागदाची पट्टी पुरते. ती दारात धरून दार लावा आणि ओढा. सुळकन निसटली तर तिथे पकड नाही. चारही बाजूंनी वीत-वीत अंतरावर पाहा, बिजागरीकडचे कोपरे तर नक्कीच.

रबर लगेच बदलू नका. घड्यांमधला चिकटा कोमट साबणपाण्याने काढून कोरडे पुसा. चेपलेला भाग हेअर ड्रायरने थोडा गरम करून बोटांनी वर उचला व निवेपर्यंत तसाच धरा. फाटले असेल तर मात्र त्याच मॉडेलचे नवे घ्या. फाटलेल्या जागी सिलिकॉन सीलंट फासल्याने रबर ताठरते आणि आतली चुंबकपट्टी चौकटीला नीट टेकत नाही.

कळकळीची विनंती एकच: बर्फ सुरीने खरवडू नका! एकदारी फ्रीजमध्ये फ्रीजरच्या पातळ ॲल्युमिनियम भिंतीतूनच गॅसच्या नळ्या जातात. टोक लागून छिद्र पडले की गॅस उडालाच. थर 5 मिलिमीटर झाला की फ्रीज बंद करून, दार उघडे ठेवून बर्फ आपोआप वितळू द्या.

— एक फ्रीज दुरुस्ती कारागीर